शेपूट पाहिलं का?

दौंडला आमचे जे घरमालक होते त्यांना सशांनी फार छळलं, असं सगळी आळी म्हणायची. मी त्या घरात भाड्यानं राहिलेली बाई. माझं मत थोडं वेगळं आहे. ससे बिचारे कोबी खायला यायचे. कोबी खाण्यासाठी रेल्वेचे नियम पाळावे लागतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मालक रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्यांना गार्डचाचाच म्हणत. उंच, शिडशिडीत, मेंदी लावलेली दाढी, आणि अंगात बारा महिने तो जुना काळा कोट. वैशाखातही कोट. वाफ्याला पाणी घालतानाही कोट. कोटाच्या एका खिशात शिट्टी, दुसऱ्यात गुंडाळलेलं हिरवं निशाण, आणि तोंडात कायम एकच प्रश्न: "शेपूट पाहिलं का?"

हा प्रश्न त्यांनी नोकरीतून घरी आणला होता. स्टेशनातून गाडी पुढे गेली, की गार्डानं लावलेला शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा स्टेशनमास्तरांनी आपल्या डोळ्यांनी बघायचा असतो. तो दिसला म्हणजे गाडी अख्खी गेली. नाही दिसला, तर मधला जोड सुटून चार डबे मागेच रुळावर उभे असतील, आणि मास्तर दुसऱ्या गाडीला खुशाल लाईन क्लिअर देऊन बसतील. त्या दिव्याला चाचा शेपूट म्हणत. नोकरी सुटली पण शेपूट सुटलं नाही. पोस्टमन पत्र टाकून गेला, की चाचा विचारणार, "शेपूट पाहिलं का?" म्हणजे तो खरंच कोपऱ्यावरून वळला, का पिशवीत आणखी एक पत्र सापडलं म्हणून परत येतोय? पाहुणे गेले की दार लावण्याआधी तेच. माझ्या सासूबाई दीड महिना मुक्काम करून गावी निघाल्या, तेव्हा टांगा वळेपर्यंत चाचा ओट्यावर उभे होते. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "शेपूट पाहिलं का, पोरी?" मी पदराचा बोळा तोंडात कोंबून आत पळाले.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मॅट्रिक पास होते. ही दुसरी गोष्ट मला कुणी विचारत नसे, म्हणून मीच सांगायची. दूधवाल्याला सांगितली होती, बोहारणीला सांगितली होती, आणि चाचीला तर इतक्यांदा सांगितली की एकदा ती म्हणाली, "व्हय ग बाई, मॅट्रिक. आता तेवढं पीठ मळ." आमचे हे पार्सल ऑफिसात कारकून. त्यांना मी मॅट्रिक असल्याची धास्ती वाटते, अशी माझी समजूत होती. त्यांना फक्त माझ्या आमटीची धास्ती वाटायची, हे पुढे कळलं.

घर वस्तीच्या टोकाला, भीमेच्या अंगाला. घरामागे चाचांची भाजीची बाग आणि बागेमागे उघडा माळ. माळावर तरवड, कुसळी गवत आणि गवतात ससे. दिवेलागणीला ते कान टवकारून अशा रांगेत बसायचे, जणू बागेतून घंटा व्हायची वाट बघताहेत.

त्यांच्यासाठी चाचांनी जे कुंपण केलं होतं तसं मी पुढे कुठेही पाहिलं नाही. बाहेरून बाभळीच्या काट्या. आतून तारेची जाळी. जाळीखाली वीतभर खोल पुरलेले पत्रे, कारण ससा खालून उकरतो. ससाच काय, मुंगीनंही विचार करावा. आत जायला एकच वाट, एकच फाटक. आणि फाटकातून आत जायला टोकन.

हे टोकन म्हणजे पुरीएवढी पितळी चकती. एका रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरच्या हाती जसं टोकन देतात, त्या धर्तीवर चाचांनी ती तांबटाकडून घडवून घेतली होती. ती चाचीच्या स्वयंपाकघराच्या दारात खिळ्याला टांगलेली असे. कोथिंबिरीची काडी जरी हवी असली तरी चकती घ्यायची, आत जायचं, बाहेर यायचं, फाटक लावायचं, चकती चाचांच्या हातात द्यायची. मग चाचा विचारणार, "शेपूट पाहिलं का?" आपल्यामागं काही आत शिरलं नाही ना, हे वळून पाहिलं का? आपण "पाहिलं" म्हटलं की ते "लाईन क्लिअर" म्हणत आणि चकती खिळ्यावर जाई. एका वेळी बागेत एकच माणूस. चकती ज्याच्या हातात, फाटक त्याच्या जिवावर.

चाची एकदा चकती न घेताच मिरच्या तोडायला गेली. चाचांनी तिला बागेच्या मध्यातून परत बोलावलं.

"मिरच्या तोडायला बी तिकीट काढू?" चाची म्हणाली.

"तिकीट न्हवं. टोकन."

चाचीनं चकती घेतली, परत गेली, आणि त्या दिवशीच्या कालवणात एवढ्या मिरच्या घातल्या की चाचा संध्याकाळपर्यंत नुसते शिट्टी वाजवल्यासारखे श्वास घेत होते.

आता एवढा बंदोबस्त असताना मॅट्रिक पास बाईनं गप्प बसावं की नाही? मी बसले नाही. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की सशाला तिखटाचा वास सोसत नाही. एका सकाळी मी डबाभर मिरचीपूड घेऊन कुंपणाबाहेर पेरायला निघाले. वारा कुठून येतो हे मासिकात नव्हतं. चाचीनं तासभर माझ्या डोळ्यांवर दुधाच्या पट्ट्या ठेवल्या, आणि सारखी म्हणत होती, "आता चष्मा लागला की अजून शिकल्यासारखी दिसशील."

मग मी माळावर बुजगावणं उभं केलं. ह्यांची जुनी विजार, ह्यांचा सदरा, डोक्याला मडकं, मडक्याला काजळाचे डोळे. मी रोज लांबून बघून खूश व्हायची. आठवड्यानं चाचा मला तिथं घेऊन गेले. बुजगावण्याच्या पायाशी गवत दबून गोल गोल गाद्या झाल्या होत्या आणि भोवती लेंड्यांचा सडा. दुपारच्या उन्हात ससे त्याच्या सावलीला येऊन बसत होते.

"ब्येस केलंस," चाचा म्हणाले. "वेटिंग रूम बांधून दिलीस."

चाचीचा उपाय सरळ होता. "एक ससा माझ्या हंडीत पडू द्या. बाकीच्यांना आपसूक कळंल."

हे ऐकलं की चाचा खरोखर दुखावत. "विनातिकीट पॅसेंजरला गाडीतून उतरवायचं असतं," ते म्हणत. "खायचं नसतं."

आता ह्या सगळ्याच्या मुळाशी काय होतं ते सांगते. मुळाशी माझे वडील होते.

माझं माहेर शिरूर. आबांचा मळा घोडनदीच्या काठाला. दर हिवाळ्यात शिरूरला भाजीपाल्याचं प्रदर्शन भरायचं, आणि दर हिवाळ्यात कोबीत आबांचा पहिला नंबर यायचा आणि गार्डचाचांचा दुसरा. खोली बघायला आम्ही गेलो तेव्हा चाचांनी मला विचारलं होतं, "कुणाची मुलगी?" मी सांगितलं. ते इतका वेळ दाढी कुरवाळत राहिले की हे मला कोपरानं ढोसायला लागले. शेवटी म्हणाले, "खोली देतो. दुश्मनाची मुलगी घरात असली म्हंजी दुश्मनाच्या कोबीची खबर मिळती." खबर त्यांना कधी मिळाली नाही. मी माहेरी कोबी फक्त खाल्ला होता.

त्या वर्षी चाचीनं पदर खोचून सांगितलं, "ह्या खेपेला दुसरा नंबर आला तर बाग बास. तिथं माझ्या शेळ्या बांधायच्या."

"कबूल," चाचा म्हणाले. गार्डानं शब्द दिला की दिला. चाची दुसऱ्याच दिवशी कुंपणाशी उभी राहून गव्हाण कुठं येईल ते वितीनं मोजायला लागली. ते बघून चाचांनी एकाच वाफ्याला दोनदा पाणी घातलं, हे मी खिडकीतून पाहिलं.

तेव्हा सगळी भिस्त तीन गड्ड्यांवर. चाचांनी त्यांना नावं दिली होती. पहिला मेल. मोठा, पसरट, तकतकीत, हळद लागलेल्या नवऱ्यामुलासारखा. दुसरा पॅसेंजर, गोल आणि बऱ्यापैकी. तिसरी मालगाडी. काळपट हिरवी, बसकी, एका अंगानं चपटी. तिला पाणी सगळ्यांत शेवटी मिळायचं. प्रदर्शनाला मेल जाणार, मेलला काही झालं तर पॅसेंजर. मालगाडीची भाजी करायची, असं ठरलेलं.

प्रदर्शन दोन दिवसांवर आलं. संध्याकाळी मी चकती घेऊन कोथिंबीर आणायला बागेत गेले. काम झालं, फाटक उघडलं, आणि तेवढ्यात भीमेच्या पुलावरून गाडी गेली. मागे तांबडं आभाळ. मी तेव्हा कविताही करायची. त्यातली एकही आज शिल्लक नाही, हे मराठीचं नशीब. मी फाटकात उभी राहिले, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि 'सांज'ला यमक शोधायला लागले. 'झांज' सोडून काही सुचेना. मधेच पायाला काहीतरी मऊ घासून गेलं. मला वाटलं, पदर. कवीला पदर वाऱ्यानं उडालेला बरा वाटतो. मग मी फाटक लावलं, कडी घातली, वर दोरीची दुहेरी गाठ मारली आणि चकती चाचांच्या हातात दिली.

"शेपूट पाहिलं का?"

मी वळून पाहिलं नव्हतं. पण "नाही" म्हटलं असतं तर कंदील घेऊन परत जावं लागलं असतं, आणि डोक्यातली झांज गेली असती. मी म्हटलं, "पाहिलं, चाचा."

"लाईन क्लिअर," ते म्हणाले, आणि नमाजाआधी निवांत वजू करायला गेले.

सकाळी आम्ही शिट्टीनं जागे झालो. एकसारखी, लांब शिट्टी. धावत गेलो तर चाचा फाटकाशी उभे, आणि आत मेलच्या जागी नुसता बुडखा. पॅसेंजर अर्धा, आतून पोखरलेला. मालगाडीच्या चपट्या अंगाला दोन दातांची खूण, तेवढीच. आणि वांग्याच्या झाडाखाली, पोट टम्म फुगलेला, आमच्याकडे टकामका बघणारा ससा. मुंगीनंही विचार करावा असं ते कुंपण. त्याला बाहेर कुठून जाता येणार? मी रात्रभरासाठी त्याला पंगतीत बसवून बाहेरून दुहेरी गाठ मारली होती.

"सगळे आत," चाचा म्हणाले. "आज टोकन न्हाई. सेक्शन मोकळा करायचाय."

त्यांनी फाटक सताड उघडलं आणि हिरवं निशाण धरून शेजारी उभे राहिले. मी सूप बडवत एका अंगानं, हे दुसऱ्या अंगानं, अर्ध्या गालाला दाढीचा साबण तसाच, आणि चाची हंडीचं झाकण घेऊन मधोमध. तिच्या मनात काय होतं ते झाकणावरून दिसतच होतं. ससा निघाला तो मुळ्यातून मेथीत, मेथीतून टोमॅटोत. बागेला त्यानं तीन वेढे घातले. ह्यांच्या दोन पायांमधून असा गेला, की हे त्याला बघायला वाकले आणि तसेच डोक्यावर ओल्या वाफ्यात गेले. चाची ओरडली, "अडवू नका, माझ्याकडं येऊ द्या." मी सूप इतकं बडवलं की त्याचा तळ निघाला. शेवटी ससा फाटकासमोर थांबला. एक क्षण त्यानं निशाणाकडे पाहिलं. चाचांनी निशाण हलवलं. आणि तो गेला, पांढरं बूड उडवत, सरळ माळावर.

"शेपूट पाहिलं," मी किंचाळले. "चाचा, शेपूट पाहिलं."

"आत्ता पाहिलंस," चाचा म्हणाले. "काल काय पाहिलं व्हतंस?"

मी खाली बघत सांगून टाकलं. पुलावरची गाडी, सांज, झांज, सगळं. ते रागावले असते तर मी वाद घातला असता, तेवढी मी मॅट्रिक होते. ते रागावले नाहीत.

"खोटं तू बोललीस," ते म्हणाले. "पण लाईन क्लिअर मी दिली. चूक माझ्या नावावर."

मी तिथंच वाफ्याच्या कडेला बसून रडले. खरं आश्चर्य चाचीचं. आता ती शेळ्या सोडायला जाईल असं मला वाटलं होतं. तिनं मेलची उरलेली पानं वेचून ओच्यात घेतली आणि म्हणाली, "मालगाडी हाय की."

"मालगाडी? प्रदर्शनाला?"

"मेल रद्द झाली तर लोक काय घरी बसत्यात?"

त्या दिवसापासून चकती खिळ्यावरून उतरली आणि चाचांच्या कोटाच्या आतल्या खिशात गेली. बागेत आता फक्त चाचा जाणार. माझी तक्रार नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः जाऊन मालगाडी कापली, दोन्ही हातांवर तान्ह्या मुलासारखी घरात आणली, ओल्या गोणपाटात गुंडाळली, आणि चाचा, चाची आणि मी शिरूरच्या एस.टी.त बसलो. ह्यांची ड्यूटी होती. मालगाडी चाचांच्या मांडीवर. प्रत्येक थांब्यावर उतारू उतरले की ते खिडकीतून मागे वाकून बघत. शेवटी कंडक्टर म्हणाला, "आजोबा, घंटी तुम्हीच मारता का?"

शिरूरला आबा त्यांच्या कोबीजवळ मिशीला पीळ देत उभे होते. त्यांचा गड्डा घमेल्याएवढा. मालगाडी शेजारी ठेवली तशी आबा वाकून वाकून बघायला लागले.

"गार्डसाहेब, ह्यो कोबी हाय का उशाचा धोंडा?"

मग आबा माझ्याकडे वळले. सशाची बातमी आमच्याआधी पोचली होती. "आन् पोरी, तू ससा आत कोंडलास म्हनं. शाब्बास. बापाला जागलीस."

भोवतालचे लोक हसले. चाचा मालगाडीवरचं गोणपाट उगाच नीट करत राहिले. मला वाटलं, चाचांनाही तसंच वाटत असेल तर? मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं, "आबा, मी कुणाच्याच बाजूनं कोंडला नाही. मी यमक शोधत होते."

कुणाला काही कळलं नाही. पण चाचांच्या दाढीत हसू हललं, ते मला पुरलं.

परीक्षक शेतकी खात्यातले होते आणि त्या वर्षी नवीन आले होते. त्यांनी सगळे गड्डे बघितले, आबांच्या गड्ड्यापाशी जास्त वेळ थांबले. चाचीनं माझा दंड पकडला. शेळ्या जवळ आल्या होत्या आणि तिची बोटं मात्र गार पडली होती. मग साहेबांनी सुरी मागवली.

"आजवर कुनी कापला न्हाई," आबा म्हणाले.

"म्हणूनच कापायचा," साहेब म्हणाले.

आबांचा गड्डा एका फटक्यात उघडला. आत पानापानांत फट, मधे बोट जाईल अशी पोकळी. आबांनी मिशी सोडली. मग मालगाडी. सुरी अर्ध्यात अडकली. साहेबांनी वरून तळहातानं दोन ठोसे मारले तेव्हा ती करकरत फाकली. आत पानं अशी घट्ट, जशी नव्या वहीची. एवढासा गड्डा, पण तराजूचं पारडं धप्पकन खाली बसलं. साहेबांनी दातांच्या खुणेवर बोट ठेवलं. "हे काय झालंय?"

"पहिलं परीक्षण," चाचा म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मेलही आतून तसाच पोकळ असणार. सशानं सैल गड्डे निवडून खाल्ले आणि घट्ट तो दात लावून सोडून दिला. चाची माझ्या कानात म्हणाली, "तू सशाला कोंडलं नसतंस, तर ह्यांनी मेलच आणला असता ग."

पहिला नंबर चाचांचा. बक्षीस पत्र्याची नवीकोरी झारी. टाळ्या पडल्या. आबा पुढे आले, चाचांचा हात दोन्ही हातांत धरला. "औंदा तुमी, गार्डसाहेब. पर म्होरल्या साली बघू." चाचांचा चष्मा ओला झाला. तो पुसायला त्यांनी आतल्या खिशातून रुमाल ओढला.

रुमालाबरोबर चकती बाहेर आली, आणि झारीच्या पत्र्यावर टण्णकन पडली.

आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. चकती सकाळपासून चाचांच्या खिशात. बागेतून शेवटचे बाहेर आले ते चाचा, आणि त्यांच्याकडून चकती घेऊन शेपूट विचारायला कुणीच नव्हतं.

"चाचा," मी हळूच विचारलं, "फाटक?"

चकती उचलत ते म्हणाले, "मालगाडी दोन्ही हातांत व्हती."

परतीच्या एस.टी.त ते एकदाही मागे वाकले नाहीत. झारी मांडीवर उलटी धरून सरळ समोर बघत बसले. दिवेलागणीला घरी पोचलो आणि तसेच मागे गेलो. फाटक सताड उघडं होतं. गाजरात ससे, मुळ्यात ससे, मेथीत ससे. पाटावर बसावं तसे वाफ्यावाफ्याला बसून जेवत होते. आम्हाला पाहून एकानं मान वर केली आणि परत खाली घातली. चाचीच्या हसण्याचा आवाज तिच्या पदराआडून येत होता.

मी काय करायला हवं होतं? गप्प राहायला हवं होतं. पण मी एकोणीस वर्षांची होते.

"चाचा," मी म्हटलं, "शेपूट पाहिलं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं, खिशातून हिरवं निशाण काढलं, आणि बोटानं शेपट्या मोजायला लागले. मधेच सोडून दिलं. "पाहिलं," ते म्हणाले. "अख्खी गाडी आत हाय."

पैजेप्रमाणे बाग चाचांची राहिली. पण बागेत राहिलं काय, नुसते बुडखे. ते त्या हिवाळ्यात चाचीच्या शेळ्यांनी खाल्ले. जिंकलं कोण, ह्याचा निकाल त्या घरात शेवटपर्यंत लागला नाही.

चकती मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी परत खिळ्यावर दिसली. चाचांनी ती काढून माझ्या हातात दिली. "जा, कढीपत्ता तेवढा उरलाय, तो आण." मी गेले, आणला, फाटक लावलं, चकती परत दिली आणि प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. चाचांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग आम्ही दोघं फाटकापर्यंत चालत गेलो, आणि दोघांनीही वाकून पाहिलं.